चिमणीच्या आवारात

भाचीच्या लग्नासाठी लोअर परळच्या सेंट रेजिसमध्ये उतरलो. हे हॉटेल फिनिक्स मिलच्या आवारातलं. गालिच्यावर पावलं वाजत नव्हती. मी खिडकीतून गिरणीची जुनी चिमणी शोधत राहिलो.

आजोबा याच गिरणगावात साच्यांवर कापड विणायचे. भोंग्यावर आख्ख्या चाळीचा दिवस चालायचा. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला; लाखो हात रिकामे झाले. पुढं कित्येक वर्षं आजोबा पाळीच्या वेळेला दारात येऊन उभे राहत. काही बोलत नसत.

त्या मऊ बिछान्यात मला सुख वाटलं, आणि त्या सुखाचा जीवाला घोरही लागला. दोन्ही खरं. फोनवर खोलीचं वर्णन ऐकताना आईनं मध्येच विचारलं, "अरे, साचेखातं कुठल्या बाजूला होतं तिथं?"