मुंबईचं जेवण आणि आपला चौविहार



कनेरगाव नाक्याहून मुंबईला गेलं, की माझी खाण्याची ठिकाणं ठरलेली. दुपारी काळबादेवीचं ठाकर भोजनालय, १९४५ पासूनचं. गुजराती थाळी, गरम फुलके, वाढणाऱ्यांचा आग्रह. बसण्याआधीच कंदमुळाचं सांगून ठेवते, कारण हिवाळ्यातल्या उंधियूत कोनफळ-रताळी असतातच.

दुसरं ताडदेवचं स्वाती स्नॅक्स, १९६३ सालचं. केळीच्या पानात भाजलेली तांदळाची पानकी मला फार आवडते. पण ओलं आलं घातलंय का, हे विचारूनच मागवायची. सुंठ चालते, आलं नाही. मुलांना चमचमीत हवं असेल, तर बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची जैन पावभाजी मुंबईत मिळते.

खरी कसोटी वेळेची. मुंबई जेवते रात्री आठनंतर. आपल्यापेक्षा तिथे सूर्य साधारण पाव तास उशिरा मावळतो, तरी डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतोच. म्हणून मी पाचलाच जाऊन बसते. गर्दी नसते, निवांत खाता येतं आणि चौविहारही पाळला जातो. त्या शहरात प्रत्येकाचं ताट वेगळं. मग आपलं मागताना संकोच कशाला?