भिजलेलं कडवं

दहिसर पूर्वेला आमच्या वस्तीतल्या विहारात पंखे दोनच. 15 मे 2022 च्या दुपारी त्यातला एक बंद पडलेला, आणि जो चालू होता त्याच्याखाली टेपरेकॉर्डर ठेवलेला. मशीन तापता कामा नये, असा अण्णांचा हुकूम होता. माणसं तापली तरी चालतील. आम्ही आठ-नऊ जण सतरंजीवर घाम पुसत बसलो होतो आणि मधोमध माझ्या वडिलांची कॅसेट.

वामनदादा कर्डकांचा तो स्मृतिदिन. 2004 साली ह्याच तारखेला ते गेले. आणि आता तीन महिन्यांनी, 15 ऑगस्टला, त्यांच्या जन्माला शंभर वर्षं पुरी होत होती. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस. त्याच्या नावानं आपल्या वस्तीत एक संध्याकाळ तरी करायचीच, असं ठरलं होतं. बैठक होती ती गाणी निवडायला. गाणी दहा मिनिटांत निवडून झाली, सहा. ती कोणाच्या चालीत म्हणायची, ह्यावर दोन तास गेले आणि मावशींनी आणलेली सरबताची बाटली रिकामी झाली.

वामनदादा स्वतः लिहायचे, चाल लावायचे आणि गायचे. गावोगाव, रात्र रात्र. पण माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी त्यांना दुसऱ्यांच्या गळ्यातून ऐकलं. आमच्या घरात प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते ही नावं मामा-काकांसारखी घेतली जायची. प्रल्हाद शिंदे तर एकादशीला शेजारच्या खोलीत विठ्ठलाचे आणि 14 एप्रिलला आमच्या खोलीत बाबासाहेबांचे. वामनदादांपाठोपाठ सव्वा महिन्यात, 23 जून 2004 ला, तेही गेले. त्या पावसाळ्यात आमचे वडील फारसं बोलत नव्हते एवढं आठवतं.

तर चाल. पहिली ठिणगी माझ्या भाच्यानं टाकली. तो म्हणाला, हे ऐका, आणि मोबाइलवर वामनदादांचं ‘भीमा तुझ्या मताचे’ लावलं. मागे डीजेचा ठोका, मध्ये शिट्टी, गायकाचा आवाज यंत्रातून काढलेला. अण्णांनी तोंडातला सुपारीचा तुकडा बाहेर काढून कागदात ठेवला. ही त्यांची भांडणाआधीची तयारी.

“ह्याच्यावर तुम्ही नाचता?” 

“मिरवणुकीत नाचतो की. सगळेच नाचतात.”

“अरे, पण ते गाणं तुलाच शिव्या देतंय!”

अण्णांचं बरोबर होतं. ते गाणं जयजयकाराचं नाहीच. बाबासाहेबांचं नाव घेऊन आपापली पोळी भाजणाऱ्या आपल्याच माणसांवर ओढलेला तो आसूड आहे. आणि 14 एप्रिलच्या रात्री स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याच आसुडाच्या ठेक्यावर दोनशे पोरं उड्या मारत असतात. त्यात मीही मारल्या आहेत, हे त्या बैठकीत मी बोललो नाही. भाचा मात्र बोलला. “अण्णा, नाचताना शब्द पाठ झाले मला. पुस्तक वाचून नाही झाले.” ह्याला अण्णांकडं उत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी सुपारी परत तोंडात टाकली.

मावशींचा पक्ष वेगळा. त्यांना डीजेही नको आणि अण्णांच्या पार्टीचा कोरस, बेंजो, टाळ्या हा सरंजामही नको. कडुबाई खरातांना एकतारीवर गाताना पाहिल्यापासून त्यांचं म्हणणं एकच: एक बाई, एक तार, बास. “शब्द ऐकू आले पाहिजेत. तुमच्या ढोलकाखाली निम्मं गाणं चेंगरतं.” ढोलक म्हणजे अण्णा. चाळीस वर्षं गायन पार्टीत ढोलक वाजवलेला माणूस. गिरणीत दिवसपाळी आणि रात्री मुकाबला, नायगावपासून कल्याणपर्यंत. समोरच्या पार्टीनं टाकलेल्या सवालाला जागच्या जागी जवाब बांधणाऱ्या कवीसाठी चार आवर्तनं जास्त वाजवून वेळ काढून देणारा. त्यांना तोंडावर असं बोलायची हिंमत फक्त मावशींत आहे.

मास्तर तोवर गप्प होते. पालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले आमचे मास्तर कुठल्याच पक्षाचे नसतात, त्यांच्याकडं पुस्तक असतं. वामनदादांच्या ‘मोहळ’ या गीतसंग्रहाची त्यांची प्रत इतकी हाताळलेली की पुठ्ठ्याला आतून साडीचा काठ लावलाय. त्यांनी एकदम विचारलं, “‘सारे जहाँ से अच्छा’ येतं ना सगळ्यांना?”

येतं म्हणजे काय, शाळेत रोज म्हटलंय.

“मग ती चाल धरा. आणि शब्द वामनदादांचे टाका.”

त्यांनी स्वतःच सुरुवात केली. बेसूर, मान एका बाजूला कलवून, सतरंजीवर बोटानं ठोके देत. आणि काय सांगू, इक्बालच्या गाण्याच्या चालीत ‘भीमा तुझ्या मताचे’ असं बसलं की जणू त्याच मापानं शिवलंय. कुठं ओढावं लागलं नाही, कुठं कोंबावं लागलं नाही. भाचा हसायला लागला, मग गप्प झाला, मग त्यानं स्वतः म्हणून पाहिलं.

मास्तरांनी बोटांवर मोजून दाखवलं: गागाल गालगागा, गागाल गालगागा. दोन्ही गाण्यांचं वृत्त एक. मराठीत त्याला आनंदकंद म्हणतात. मराठी आणि उर्दू गझलांमध्ये, कव्वालीत हे वजन पुष्कळ सापडतं. “आता मला सांगा,” मास्तर म्हणाले, “मूळ चाल कुठली हे भांडण कशासाठी? माप इतकं पक्कं आहे की ह्याच्यावर कव्वाली चढते, गझल चढते, तुझा तो डीजेसुद्धा चढतो. म्हणून तर ते इतक्या गळ्यांत गेलं.”

मला त्या क्षणी आठवलं ते वेगळंच. हे माप सांभाळणाऱ्या माणसाला मुंबईत आला तेव्हा अक्षरओळख नव्हती. कुणीतरी पत्र वाचून दाखवा म्हणून हातात दिलं आणि वाचता येईना, त्या शरमेपोटी मोठेपणी अक्षरं गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला शिकला. ही हकिगत वडील मला अभ्यासाला बसवताना सांगायचे, म्हणजे आठवड्यातून तीनदा. लघू-गुरू त्यानं पुस्तकातून कुठून शिकावेत? कानानंच. सिनेमाची गाणी, कव्वाल्या, तमाशे, जलसे, सगळं कानात साठवलेलं. आणि देणंही तसंच परत केलं: 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’मधलं गुलछडीचं गाणं वामनदादांचं आहे, हे ते गुणगुणणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं? आमच्या ऑफिसात मी पैज लावून दोन वेळा वडापाव जिंकलोय. (जलशांच्या भीमराव कर्डकांची आणि वामनदादांची गल्लत करणारेही भेटतात. त्यावर मात्र मी पैज लावत नाही, कारण तिथं माणसं चिडतात.)

मास्तरांच्या प्रयोगानं वाद मिटायला हवा होता. पण अण्णा म्हणाले, “चढतात सगळ्या चाली, कबूल. पण त्यांनी स्वतः कशी म्हटली? ते ऐकू की. कशाला आणलीय मग ही?” आणि कॅसेटवर बोट ठेवलं.

तिची गोष्ट अशी. वडिलांनी कुठल्यातरी जयंतीला, साल त्यांनाही नक्की सांगता यायचं नाही, टू-इन-वन नेऊन वामनदादांचा कार्यक्रम टेप केला होता. तीन गाणी. कॅसेटच्या पाठीवर निळ्या शाईत फक्त ‘दादा’ लिहिलेलं. वर्षानुवर्षं ती कपाटात बाबासाहेबांच्या फोटोमागे असायची, आणि पाहुणे आले की चहाआधी वाजायची.

26 जुलै 2005 ला आमची नदी घरात आली. एरवी तिला आम्ही नाला म्हणतो. नॅशनल पार्कातल्या तुळशी तलावाकडून येते आणि मनोरीच्या खाडीला मिळते, हे पोरांना शाळेतल्या प्रकल्पात लिहायला उपयोगी. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि नाल्याला आपण नदी असल्याचं आठवलं. कपाटाच्या दुसऱ्या फळीपर्यंत पाणी. कागदपत्रं, माझ्या लग्नाचा अल्बम, गादी, तांदूळ सगळं गेलं. पाणी उतरल्यावर वडिलांनी पहिलं काय केलं असेल, तर स्क्रूड्रायव्हर शोधला.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो. कॅसेटचे पाच बारीक स्क्रू काढून त्यांनी वरचं कवच उचललं. आत चिखलाची साय. रीळ बोटांत न धरता, दोन पेन्सिलींवर चढवून, पिण्याच्या पाण्याच्या कळशीतून (आणि ते पाणी त्या दिवसांत सोन्याच्या भावाचं होतं, आई ओरडत होती) हळूहळू एका पेन्सिलीवरून दुसरीवर ओढत धुतलं. मग खोलीभर कपडे वाळत घालायच्या दोरीवरून त्या तपकिरी फितीच्या झिरमिळ्या. आम्ही दोन दिवस वाकून ये-जा करत होतो. वाळल्यावर एका भजनाच्या कॅसेटचं कवच उघडून त्यात ती बसवली. तेव्हापासून ‘दादा’ भजनाच्या घरात राहतात. वडील 2011 ला गेले. मी ती कॅसेट नंतर कधी लावलीच नव्हती.

अण्णांनी बटण दाबलं. आधी नुसती खरखर. मग ढोलक, लांब, विहिरीतून आल्यासारखा. मग आवाज. खडा, अजिबात न घासलेला. हरकत नाही, मुरकी नाही, शब्द एकेक करून समोर मांडल्यासारखा. मावशी पुढं सरकल्या. दुसऱ्या कडव्यात आवाज बुडाला, वर आला, परत बुडाला. आणि शेवटचं कडवं सुरू होतं न होतं तोच फीत बुडबुडायला लागली. जणू पाणी अजून तिच्यातच आहे.

“हे दादा नव्हेत,” अण्णा म्हणाले.

खोलीत कुणी हललं नाही. मला कानशिलं गरम झाल्यासारखी वाटली.

“मी त्यांना जवळून ऐकलंय. हा त्यांच्यासारखं म्हणणारा कुणीतरी आहे. चांगला आहे, पण दादा नव्हे.”

“दादाच आहेत,” मावशी म्हणाल्या. “श्वास कुठं घेतलाय बघा.”

“शेवटचं कडवं असतं तर कळलं असतं,” भाचा म्हणाला. “त्यात नाव येतं ना.”

यावर मास्तर हसले, आणि मीही. वामनदादांच्या बहुतेक गाण्यांत शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो, संतांच्या अभंगात ‘तुका’ यावा तसा. पण ते नाव सगळेच घेतात! प्रल्हाद शिंदे म्हणोत, गल्लीतली पार्टी म्हणो, शेवटच्या कडव्यात जो तो तेवढ्यापुरता वामन होतो. नावावरून गायक कसा ओळखणार? उलट कॅसेटच्या बाजूत गाणं मावलं नाही की आधी कापलं जायचं ते हेच कडवं. मिरवणुकीतल्या गाण्यात तर ते बहुधा नसतंच, कारण तोवर पोरं पुढच्या गाण्यासाठी ओरडायला लागलेली असतात. त्या दिवशी एवढं एकच एकमतानं ठरलं: चाल ज्याची त्याची, पण शेवटचं कडवं सोडायचं नाही.

घरी जाऊन आईला टेप ऐकवली. भाच्यानं ती मोबाइलवर उतरवून घेतली होती. म्हटलं, आई, हे दादाच ना? तिला त्यात रस नव्हता. तिनं डोळे मिटून वेगळंच ऐकलं. मी म्हटलं, “आणि ढोलक बाबांचा.” तसं ते कायम सांगायचे. दादांच्या साथीला मी वाजवलंय, हा पुरावा आहे, असं चहाआधी प्रत्येक पाहुण्याला.

आईनं डोळे उघडले. “ते कसे वाजवतील? ते तर मशीन धरून बसले होते. बटण कोण दाबणार मग?”

सतरा वर्षांचा मी असतो तर रागावलो असतो. आता नुसतंच हसू आलं, आणि ते थांबेना. आईलाही आलं.

15 ऑगस्टला संध्याकाळी पाऊस होता, पण बेताचा. विहारासमोर ताडपत्री, पन्नास खुर्च्या, मागे उभी असलेली माणसं वेगळी. नव्या मेट्रोनं उतरून मास्तरांचे दोन जुने विद्यार्थीही आले. मावशींनी पहिलं गाणं खरंच नुसत्या एकतारीवर म्हटलं आणि सगळे इतके शांत झाले की ताडपत्रीवरचा पाऊस ऐकू आला. ‘भीमा तुझ्या मताचे’ भाच्यानं म्हटलं. डीजेची गती अर्ध्यावर आणलेली, मास्तरांचं माप धरलेलं, आणि ढोलकावर अण्णा, कारण दुसऱ्या कुणाला बसूच दिलं नाही. शेवटच्या कडव्याला त्यानं डोळे मिटले आणि कॉलेजात शिकणारा, कानात बाळी घातलेला आमचा पोरगा तेवढ्यापुरता वामन झाला. कुणी नाचलं नाही. दोघा-तिघांनी खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला अण्णांचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही.

“तिसऱ्या कडव्यात लय पळाली.”

“अण्णा, ढोलकावर कोण होतं?”

पलीकडं थोडा वेळ नुसती खरखर.

“म्हणून तर सांगतोय,” ते म्हणाले.