काळीकाठची नावेची वरात

नाव पाण्यावर चालते हे आपण लहानपणापासून पाहत आलो; तिला रस्त्यावरून चालविण्याचा योग आमच्या वाट्याला उतारवयात आला. निमित्त झाले आमच्या भाच्याचे. जोयडा तालुक्यात गणेशगुडीजवळ तो पर्यटकांच्या राहण्याजेवणाची व्यवस्था पाहतो. त्याच्या चौदा फुटी फायबरच्या नावेला बुडाशी चीर गेली होती, आणि ती सांधून देणारा कारागीर कारवारला होता. आम्ही उभयता चार दिवस त्याच्याकडे पाहुणचार घेऊन परतणारच होतो, तेव्हा जीपला नावेचा ट्रेलर जोडून सर्वांनी एकदमच निघावे असे ठरले.

बडोदे-इंदूरकडील वाचकांना जोयडा नकाशावर शोधावा लागेल. उत्तर कन्नड जिल्ह्यातला, गोव्याच्या हद्दीला टेकलेला हा रानाचा मुलूख. जुनी माणसे त्याला अजून सुपा तालुका म्हणतात. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपा गाव होते. धरण आले, गाव पाण्याखाली गेले आणि तेथील पुष्कळ कुटुंबे रामनगरला जाऊन वसली. कचेरीचा व्यवहार कन्नडमध्ये, घरातले बोलणे कोकणीत, आणि मराठी बोलणारा पाहुणा आला तर त्याच्याशी मराठीत, अशी येथील रीत आहे. बेळगाव-खानापूरकडून येणाऱ्याला परके वाटू नये इतकी ती सहज आहे.

काळी नदी याच तालुक्यात डिग्गी गावाजवळ उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्रास मिळते. १९८७ साली पुरे झालेले सुपा धरण १०१ मीटर उंच आहे. गणेशगुडी त्याच्या पायथ्याशी आहे. धरणाखाली रबरी तराफ्यांतून खळाळावर जाण्याची हौस भागविणारे पुष्कळ लोक तेथे येतात. पण नदीला पाणी किती असावे हे पावसापेक्षा वीजघरातून सुटणाऱ्या प्रवाहावर ठरते. वरून सोडतील तितके खाली येते. पुढेही बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा अशा बांधांनी अडत, थांबत ती उतरते. पूर्वीची बेफाम काळी आम्ही पाहिलेली नाही. आजची ही मापून पाऊल टाकणारी.

आमची वरात मात्र तशी निघाली नाही. ‘‘मामा, पाचच्या आत कारखान्यावर पोचायला हवं, नाहीतर तो कुलूप लावून जाईल,’’ असे म्हणत भाच्याने सकाळी घाईघाईत सामान भरले. नावेच्या पाठीमागे यंत्र लावलेले होतेच. त्याच्याजवळ पेट्रोलचे दोन डबे, नांगर, दोरखंड आणि आमच्या सौभाग्यवतींनी कारवारच्या बहिणीसाठी घेतलेली कंदांची पोतीही गेली. या तालुक्यातले कुणबी शेतकरी नाना जातींचे कंद पिकवितात, आणि ते पाहिल्यावर हात आखडता घेणे आमच्या घरी कोणाला जमत नाही.

जोयडा गाव मागे पडल्यावर रस्ता जरा सरळ झाला. भाच्याने वेग वाढविला. काटा साठाच्या पुढे गेलेला आम्ही पाहिला, पण तरुण माणसाला पदोपदी टोकू नये म्हणून गप्प राहिलो. तेवढ्यात समोरून एक मालमोटार वाऱ्याचा झोत टाकीत गेली आणि मागून कोणी गदागदा हलवावे तशी जीप हलू लागली. वळून पाहतो तो नाव डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे, प्रत्येक हेलकाव्यागणिक अधिक जोराने शेपूट हलवीत होती. भाच्याने घाबरून ब्रेक दाबला. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक नव्हते; त्याचा सारा भार पुढे लोटला गेला, जीप तिरकी झाली आणि एक चाक गटारात उतरवून थांबली. पलीकडे उतार आणि झाडी होती. सौभाग्यवतींच्या तोंडून शब्द फुटेना. कोणास लागले नाही एवढेच.

अर्ध्या तासाने खालच्या गावाकडे निघालेले एक वृद्ध गृहस्थ थांबले. त्यांनी जन्मभर लाकडाच्या गाड्या हाकल्या होत्या. जीप बाहेर निघाल्यावर त्यांनी ट्रेलर सोडवायला लावला, वाकून पुढचा दांडा एका हाताने वर उचलला आणि हसले. ‘‘हा माझ्यासारख्या म्हाताऱ्याला एका हातानं उचलता येतो, म्हणजे ओझं सगळं मागं आहे. शेपूट जड झाली की ती डोकं हलवणारच.’’

हे सूत्र आम्ही पुढे जाणत्यांकडून पडताळून घेतले. ट्रेलर, नाव आणि सामान मिळून पाचशे किलो भरत असेल तर त्यातला सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे पन्नासेक किलो, दांड्यावर यावा. तो हलका राहिला तर कमी वेगात काही कळत नाही. वेग वाढला की एखादी वाऱ्याची झुळूकही हेलकावे सुरू करण्यास पुरते. सुरू झालेच तर ब्रेक दाबू नये, वेग वाढवून सरळ करू पाहू नये. सुकाणू स्थिर धरून पेट्रोल तेवढे सोडावे आणि गाडी आपोआप मंदावू द्यावी. भाच्याने नेमके उलट केले होते, आणि त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच केले असते. शिवाय ताशी चाळीसवर असलेली गाडी साठावर नेली की तिच्यातली गतीची शक्ती दीडपट न होता सव्वादोन पट होते, आणि ती सारी जीपच्या ब्रेकांनाच गिळावी लागते.

परदेशांत याचे नियम ठरलेले आहेत. जर्मनीत ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीस सामान्यतः ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. इंग्लंडातल्या दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५० मैल, म्हणजे तीही तेवढीच. कॅलिफोर्नियात ५५ मैल. पण हे आकडे तिकडच्या रुंद, सपाट रस्त्यांचे. अणशीच्या वाटेवर ८० हा आकडा उच्चारणेसुद्धा वेडेपणाचे. येथे वेग ठरवितात ते वळण, उतार आणि ओली पाने.

म्हाताऱ्यांच्या सांगण्यावरून डबे, नांगर आणि कंदांची पोती पुढे आणली, नावही हातभर पुढे सरकवून पट्टे नव्याने आवळले. आता दांडा उचलायला दोन हात लागले. त्यांना चहाला थांबविले तर ‘‘चहा कुंभारवाड्यात घ्या, आणि चाकाच्या मध्यावर हात ठेवून बघा,’’ म्हणून ते निघून गेले. कुंभारवाड्यात, जेथून उळवीच्या चन्नबसवण्णांच्या समाधीकडे रस्ता जातो, आम्ही आज्ञेप्रमाणे हात ठेवला. चाकाचा मध्य कोमट होता, पोळत नव्हता. नाव पाण्यात सोडताना ट्रेलरची चाके बुडतात. आतले लोखंड तापलेले असले तर ते एकदम निवताना पाणी ओढून घेते, वंगण बिघडते आणि पुढे केव्हातरी भर रस्त्यात चाक अडते. म्हणून पाण्यात उतरविण्याआधी चाके निवू द्यावीत, हेही त्या दिवशीच कळले.

अणशी घाटाच्या तोंडाशी भाच्याने आम्ही न सांगता गाडी थांबविली, दुसरा गिअर टाकला आणि मगच उतार धरला. जो गिअर चढायला लागेल त्यातच उतरावे, हा घाटाचा जुना नियम. ब्रेकवर पाय फार थोडा वेळ पडे; इंजिनच गुरगुरत गाडीला धरून ठेवी. काटा वीस-पंचवीसच्या पुढे गेला नाही. मागे चार मोटारी साचल्या की रुंद जागा पाहून आम्ही बाजूला होत असू. एकाने जाताना काच खाली करून कन्नडमध्ये काही सुनावले. अर्थ पुरता कळला नाही, सूर कळला. त्या गतीने मात्र घाट दिसला. वेलींनी गुरफटलेली झाडे, कातळातून झिरपणारे पाणी, मधूनच दरीतून येणारा गारवा. अणशीचे रान १९८७ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि आता काळी व्याघ्र प्रकल्पात मोडते. वाघ दिसला नाही. एक शेकरू मात्र डोक्यावरच्या फांदीवरून नाव निरखीत राहिले.

कद्र्याला उतरलो तेव्हा जलाशयावर उन्हे कलली होती. वर गणेशगुडीला सुटलेले पाणी बांधामागून बांध ओलांडत येथवर येते. भाचा उतरून पट्टे तपासू लागला. आम्ही मनाशी हिशेब केला: मोकळ्या रस्त्याचे साठ किलोमीटर धरले तरी साठाऐवजी चाळीसने जाण्यात अर्धाच तास अधिक लागतो.

कारवारला पोचायला साडेसहा झाले. कारागीर कुलूप लावून गेला होता. नाव रात्रभर मेहुणीच्या अंगणात ट्रेलरवरच राहिली, आणि शेजारची मुले अंधार पडेपर्यंत तीत बसून वल्ही मारीत होती.