विकतचं पीठ

दिवाळी आठ दिवसांवर आली, की बोरगावहून इचलकरंजीला जाणाऱ्या गाडीत निम्म्या बायकांच्या मांडीवर डबे असायचे. डब्यात मैदा, रवा, पिठीसाखर; तूप वेगळ्या तांब्यात, फडक्यानं तोंड बांधलेलं. गाव तेव्हा चिकोडी तालुक्यात होतं, आता निपाणी तालुक्यात आहे. पत्ता कर्नाटकाचा, बाजार मात्र दूधगंगेपलीकडचा. आज्जीचा पदर धरून आठ वर्षांची ती त्या गर्दीत उभी असे.

बेकरीवाला सगळं मळून घ्यायचा, पत्र्यावर गोळे मांडायचा, कडेला नावाची चिठ्ठी लावायचा आणि किलोच्या हिशेबानं भाजायचे पैसे घ्यायचा. पीठ घरचं, हात त्याचे, भट्टी त्याची. तरी घरी आलेली नानकटाई कुणाच्या तोंडी कधी विकतची झाली नाही.

चिरोटे मात्र घरीच व्हायचे. तांदळाची पिठी तुपात फेसून आज्जी साटा करी. तीन पोळ्या, प्रत्येकीवर साटा, एकीवर एक ठेवून घट्ट वळकटी, मग सुरीनं काप. लाटणं हलकं फिरवायचं, नाहीतर पदर एकमेकांत मिसळतात. करंजीच्या दिवशी गल्लीतल्या चार जणी लाटायला बसत, आणि आज्जी सारणात बोट घालून बघे. “सारण कोरडं पायजे गं, न्हाईतर फुटतीया.” मुलीच्या डोक्यात हे वाक्य कायमचं राहिलं.

पुढे खारी चहात बुडवताना तिच्या लक्षात आलं, की ही चिरोट्याचीच बहीण आहे. साट्याच्या जागी मैद्याच्या पोळीत चरबीचा थर घालायचा, तिची तीनपदरी घडी घालून पुन्हा लाटायची, पुन्हा घडी. अशी सहा आवर्तनं झाली, की दर वेळी तिप्पट होत चरबीचे ७२९ थर होतात. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती वाट शोधते, चरबी थरांना चिकटू देत नाही, आणि पीठ उमलतं. चिरोटा कढईत उमलतो, खारी भट्टीत. एवढाच फरक.

लग्नानंतर पुण्यात तिच्याकडे ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, झाकणाला काच असलेला. त्यात केक झाले, नानकटाई झाली. खारीचं पीठ घरी करायचा एक प्रयत्न झाला आणि तो एकच झाला. एप्रिल होता. लोणी लाटण्याखालून बाहेर आलं, ओटा तुपट झाला, आणि भाजून जे निघालं त्याला घरातल्यांनी पुरीचं नाव दिलं. लोणी बत्तीस-पस्तीस अंशांनाच वितळतं. बेकरीवाले त्याहून उशिरा वितळणारं मार्गारिन का वापरतात, ते तिला त्या दिवशी कळलं.

मग लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणं झालं. तिथल्या दुकानात थंड कपाटात कागदी नळ्या रचलेल्या. लेकीनं एक पिरगाळली, ती फट्टकन फुटली आणि आतून मळलेलं पीठ फुगून वर आलं. लुईव्हिलच्या लाइव्हली विलोबी नावाच्या बेकरीवाल्यानं ही युक्ती काढली आणि १९३१ साली तिचं पेटंट मिळवलं. ते विकणारी बॅलर्ड कंपनी १९५१ मध्ये पिल्सबरीनं घेतली. तिला जास्त गंमत वाटली ती पुढच्या कपाटाची. लॅटिन अमेरिकी एम्पनाडासाठी गोया कंपनीच्या गोल चकत्या मिळतात, आणि तिथली मराठी घरं दिवाळीत त्यांच्याच करंज्या करतात. चकती, मध्ये सारण, दुमड, कडेला मुरड. लाटायला बसणाऱ्या चार जणी त्या पाकिटात आल्या होत्या.

परत येऊन ती बोरगावात राहिली, वडिलांच्या जुन्या घरात. मे महिन्यात दारात हापूसची पेटी होती. देवगडहून निघालेला रस्ता फोंडा घाट चढतो, दाजीपूर-राधानगरीवरून थेट निपाणीला उतरतो, त्यामुळे या भागाला देवगडचा आंबा परका नाही. बेकरीत जाऊन तिनं खारीची कच्ची लाटी मागितली. बेकरीवाल्याला नवल वाटलं, पण त्यानं तोलून दिली.

पहिला घाणा फसला. आंब्याच्या कच्च्या फोडी साखर घालून तशाच भरल्या होत्या. साखरेनं फळाचं पाणी ओढलं, कडा उसवल्या, रस पत्र्यावर जळला. वरून सोनेरी, खालून लगदा. सारण कोरडं हवं, हे चाळीस वर्षं माहीत असून तिनं केलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला फोडी थोड्या साखरेवर आटवल्या, चमचाभर कॉर्नफ्लोअर लावलं, पूर्ण गार केल्या. चौकोनावर आधी भाजलेल्या रव्याची चिमूट, त्यावर फळ. रवा उरलासुरला रस पितो. कडा काट्यानं दाबल्या, कापलेल्या बाजूला बोट लावलं नाही, कारण तिथूनच पदर सुटतात. भरलेले तुकडे वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग तापलेल्या ओव्हनमध्ये, दोनशे अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. वर अंड्याऐवजी दूध फिरवलं. शेजार जैनांचा, अंडं चालत नाही. हापूस संपल्यावर केळं आणि कोल्हापुरी गूळ, थंडीत पेरू आणि किंचित मिरपूड. पेरू बिया काढून शिजवावा लागतो, बाकी तोच नियम.

आत्ती बघायला आली. वय ऐंशीच्या पुढं, हातात काठी.

“पीठ इकतचं व्हय गं? मग तुझं काय त्यात?”

“आंबा,” ती म्हणाली.

आत्तीनं एक खाल्लं, पदराला बोटं पुसली आणि दुसरं नातवासाठी म्हणून उचललं. ते तिनं वाटेतच खाल्लं, हे नातवानं संध्याकाळी सांगितलं.

एक गोष्ट मात्र ती आता बघून घेते. दुकानातल्या गोठवलेल्या पाकिटावर चरबी कोणती ते छापलेलं असतं, आणि ट्रान्स फॅटची मर्यादा भारतात जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आली आहे. बेकरीच्या सुट्या लाटीवर काहीच छापलेलं नसतं, म्हणून ती विचारते. लोण्याचं पाकीट मिळालं तर ते आणते. ते महाग पडतं आणि मे महिन्यात भल्या पहाटेच उघडावं लागतं.

बोरगावात कुणाला करून बघायचं असेल, तर लाटी आदल्या दिवशी सांगून ठेवावी. खारी सकाळी लवकर भट्टीत जाते. आठनंतर गेलं, तर भाजलेलीच मिळते.