चाफ्यावरच्या बाई

आमच्या घरी कुत्रं आहे, दोन मांजरं आहेत, गोठ्यात एक भाकड गाय आहे. पण गेल्या वर्षी आषाढापासून कार्तिकापर्यंत घरात सगळ्यात जास्त बोलणं झालं ते एका कोळिणीबद्दल. ती पाळलेली नव्हती, आमचं काही खात नव्हती, तिला कुणी बोलावलंही नव्हतं. तरी सकाळी दात घासत घासत प्रत्येक जण पडवीच्या टोकाला जाऊन ती जागेवर आहे ना, एवढं बघून यायचा. प्रेमानं नव्हे. जागेवर असलेली बरी, म्हणून.

संगमेश्वर तालुक्यातलं आमचं घर जुनं, जांभ्याचं, कौलारू. पडवीच्या टोकाशी सोनचाफा आहे आणि त्याच्या खालून विहिरीकडे, न्हाणीघराकडे पायवाट जाते. पडवीची पन्हळ आणि चाफ्याची फांदी ह्यांच्या मधे, डोक्याच्या हातभर वर, तिनं जाळं घातलं होतं. आषाढात ती बोटाच्या पेराएवढी असेल, त्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नाही. मग एका सकाळी पाऊस उघडला, तिरपं ऊन आलं आणि लेक ओरडली, "बाबा, जाळं पिवळं आहे!" आणि होतंच पिवळं. माळ्यावरच्या जळमटांचा मळका रंग नाही, चक्क सोनेरी.

ही जात नेफिला पिलिपेस. जायंट वूड स्पायडर म्हणतात ती हीच. फॅब्रिशियस ह्या डॅनिश शास्त्रज्ञानं १७९३ मध्ये तिचं पहिलं वर्णन करून ठेवलं. पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानवाटांवर तोंडावर येऊन चिकटणारं, तोडताना हाताला ओढ जाणवणारं जाळं पुष्कळदा हिचंच असतं. मादीचं नुसतं धड चार-पाच सेंटिमीटरचं. पाय पसरले की मोठ्या माणसाचा पंजा भरतो. काळं अंग, त्यावर पिवळे पट्टे. चावली तर दुखेल, सुजेल, पण माणसाच्या जिवाला धोका नाही. हे मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि न्हाणीघराकडे जाताना मान खाली घालून पळत जायचं काही सोडलं नाही. मीही सोडलं नाही.

नाव लेकीनं ठेवलं. ह्या कोळिणीचं जाळं चित्रातल्यासारखं नीट गोल नसतं. मधला बिंदू बराच वर असतो आणि खाली सगळा पसारा. इतर कोळी चिकट धागा घालताना आधीचा कच्चा, बिनचिकट धागा काढून टाकतात. ही तो तसाच ठेवते. त्यामुळे जाळ्यात थोड्या थोड्या ओळी, मग एक वेगळी रेघ, पुन्हा थोड्या ओळी, असं दिसतं. लेक म्हणाली, हे तर इंग्रजीच्या चाररेघी वहीसारखं आहे. म्हणून त्या इंग्रजीच्या बाई. पुढे इंग्रजी गळलं आणि नुसत्या बाई राहिल्या. आईनं मात्र हे नाव कधी उच्चारलं नाही. तिच्या लेखी ती 'बया', आणि जरा राग आला की 'मेली'.

आईचा राग जुना होता. कोळी अंगावरून गेला की फोड उठतात, हे तिनं तिच्या आजीकडून ऐकलेलं. भाद्रपदात माझ्याच मानेवर एका रात्रीत लांबट, जळजळणारा चट्टा उठला तेव्हा तिला सांगायची गरजच पडली नाही; तिनं नुसतं चाफ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी बघून सांगितलं की हा पेडेरसचा प्रताप. नारिंगी-काळ्या रंगाचा, मुंगीएवढा भुंगेरा. पावसाळ्यात दिव्याला येतो, आपण झोपेत त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं विष कातडीला लागून भाजल्यासारखा चट्टा येतो. कोळ्याचा काही संबंध नाही. आईनं हे मान्य केलं; पण म्हणाली, "असेल. पण ती तिथे टांगलेली असताना हे झालं ना?" ह्यावर कुठल्या डॉक्टराकडे उत्तर असणार?

त्याच्या आधीची, श्रावणातली गोष्ट. दुपारी जेवणं झाल्यावर बाई जाळ्याखाली एका धाग्यावर उलट्या टांगलेल्या दिसल्या, पाय गोळा केलेले, हालचाल नाही. लेकीनं गेल्या म्हणून जाहीर केलं. आम्ही सगळे खुर्च्या घेऊन खाली बसलो. आईसुद्धा, जरा लांब. थोड्या वेळानं डोक्यावरचं कवच झाकणासारखं उचकटलं आणि आतून फिकट, ओलसर अंग बाहेर यायला लागलं. धड लगेच सुटलं, खरी खटपट पायांची. एकेक लांब पाय जुन्या कातड्यातून ओढून काढायचा, जरा थांबायचं, पुन्हा ओढायचा. शेवटी आठही पाय मोकळे झाले, सुतळीसारखे लुळे लोंबत राहिले आणि ती तशीच वाऱ्यावर झुलत राहिली. वरती तिची कात टांगलेली होती, पायांच्या टोकांवरच्या नख्यांसकट. ह्या वेळी तिला कुणीही एका चापटीत मारू शकलं असतं. बायको म्हणाली, "आत्ता काढून टाकायची असेल तर काढा." कुणी उठलं नाही. संध्याकाळी बाई जाळ्याच्या मधे परत आल्या, डोकं खाली करून, आणि दीडपट मोठ्या. कात लेकीच्या कंपासपेटीत गेली. तिथून ती शाळेत गेली, वर्गात किंकाळ्या उठल्या आणि आम्हाला एक चिठ्ठी आली. असो.

तिचं शिकार करणं बघायला मात्र मन घट्ट करावं लागायचं. तिला आठ डोळे, पण दिसतं यथातथाच. सगळा कारभार धाग्यांच्या कंपावर. लेकीनं गवताची काडी लावली तर ती फसायची नाही. जाळं दोन-तीनदा जोरात हलवून दटावायची आणि गप्प बसायची. खरं भक्ष्य अडकलं की सरळ चालून जायची. अंगणातले पांढरट पट्ट्यांचे कोळी आधी भक्ष्याला धाग्यांत गुंडाळतात आणि मग चावतात. ही आधी चावते. धरून ठेवते, फडफड थांबली की सोडवून मधे नेते, तिथे गुंडाळते आणि टांगून ठेवते. नाकतोडे, भुंगे, सिकाडा सगळं चालायचं. एकदा राणी पाकोळी अडकली. काळ्या पंखांवर निळं आभाळ घेऊन फिरणारं हे फुलपाखरू. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं. लेकीला हे शाळेत शिकवलं होतं. ती रडायला लागली, "बाबा, राज्य फुलपाखरू आहे ते, सोडवा ना!" मी काठी घेऊन गेलो खरा, पण तोवर बाई पोचल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जाळ्याखाली पंख पडले होते. आईनं ते उचलून देवघराच्या कोनाड्यात ठेवले, आणि त्या दिवशी तिनं बयेला शिवी दिली नाही. मला त्याचं फार नवल वाटलं.

जाळ्यावर इतरही बिऱ्हाडं होती. कडेकडेनं चांदीच्या थेंबांसारखे चिमुकले कोळी बसलेले असायचे. ते अर्जिरोडेस, म्हणजे फुकटे. बाईंच्या जाळ्यात अडकलेली बारीक चिलटं गुपचूप खातात आणि कधी कधी त्यांच्या पानातलंही पळवतात. आणि तीन-चार तांबूस, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचे कोळी वरच्या बाजूला. आम्हाला वाटलं ही पिल्लं. पुस्तक उघडल्यावर कळलं, ते नर. हे आईला सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ चष्मा लावून बघत होती. "एवढासा नवरा? आणि ते पण चार-चार?" मग तिला आणखी सांगितलं, की ह्या जातीचा नर मादीनं आपल्याला खाऊ नये म्हणून तिच्या पाठीवर चढून फिरत फिरत तिथे बारीक रेशीम घालत बसतो, त्यानं ती शांत राहते. आई म्हणाली, "शहाणा आहे." एवढंच म्हणाली, पण बाबांच्या तसबिरीकडे बघून म्हणाली.

गणपतीच्या आधी घर झाडायचं तेव्हा कसोटी आली. लांब बांबूला कुंचा बांधला, माळा, ओटी, माजघर सगळी जळमटं काढून झाली, आणि कुंचा पडवीच्या टोकाशी येऊन थांबला. मुंबईहून वहिनी आलेली होती. ती पहिल्या दिवशी न्हाणीघरात गेली आणि बाहेर येईना; दिराला हाका मारत राहिली. "अहो, एवढा मोठा कोळी दाराशी ठेवलाय, आणि घर झाडलं म्हणता?" मी आईकडे बघितलं. दोन महिने जी रोज 'आज काढा हिला' म्हणत होती ती आई म्हणाली, "आता सणाच्या तोंडावर कुठे जीव घेता? गणपती जाऊ देत, मग बघू." विसर्जनाला वहाळाकडे जायची वाट चाफ्याखालूनच. पुतण्याच्या डोक्यावर पाट, पाटावर मूर्ती, आणि वर बाई. सगळं घर 'मोरया' म्हणत थबकलं. मग मिरवणूक तुळशीवरून, गोठ्यामागून, शेणाच्या खड्ड्याला वळसा घालून वहाळाकडे गेली. देवाला वाट वाकडी करायला लावली म्हणून वहिनी कुरकुरली. कोणाकडूनच तिला पाठिंबा मिळाला नाही.

तिला बरं वाटावं म्हणून त्या रात्री मी तिला सोनेरी रेशमाची हकीकत सांगितली. मादागास्करमध्ये बाईंच्याच गोतातली एक कोळीण असते. सायमन पीअर्स आणि निकोलस गॉडली ह्या दोघांनी तिथल्या कारागिरांना घेऊन रानातून कोळिणी पकडल्या, हातानं फिरवायच्या यंत्रावर त्यांचं रेशीम उतरवून घेतलं आणि त्यांना परत सोडून दिलं. त्या रेशमाचा एक अंगरखा विणला, वर कोळ्यांचंच भरतकाम. २०१२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तो लोकांना बघायला ठेवला होता. रंग दिलेला नाही, आहे तोच पिवळा. एका अंगरख्याला सुमारे बारा लाख कोळिणी लागल्या. वहिनीच्या डोळ्यांत पैठणी तरळली की काय कोण जाणे, तिनं विचारलं, "आणि घालतं कोण तो?" आई म्हणाली, "बारा लाख? इथे एकीनं जीव नकोसा केलाय."

आता खरी गोष्ट. नवरात्र संपलं तेव्हा बाईंचं पोट टम्म दिसायला लागलं होतं. एका संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी जाळं रिकामं. फुकटे होते, नर होते, बाई नाहीत. इतके महिने आम्ही तिचे फोटो काढत होतो, पाहुण्यांना कौतुकानं दाखवत होतो, ती आमचीच असल्यासारखं बोलत होतो. ते सगळं पाच मिनिटांत उतरलं. लेकीनं पलंगावर पाय वर घेतले. बायकोनं दोरीवरचे कपडे एकेक करून झटकले, मी चपला उपड्या करून आपटल्या, आईनं माजघराच्या दाराच्या फटीत फडकं कोंबलं. चार हात लांब, एका जागी टांगलेली होती तोवर ती बाई होती. चालायला लागली तसा तिचा नुसता कोळी झाला. आमचा लोभ तिच्यावर नव्हता, ती हलत नाही ह्यावर होता, हे मला त्या रात्री चपला आपटता आपटता कळलं.

रात्री उशिरा विजेरी घेऊन मी आणि आई बाहेर पडलो. आई का आली, ते तिलाच ठाऊक. चाफ्याच्या बुंध्यापासून जरा लांब, पालापाचोळ्यात काहीतरी हलत होतं. बाई जमिनीवर होत्या. त्यांनी ओल्या मातीत उथळसा खळगा केला होता, त्यात पिवळ्या रेशमाचा गोळा होता आणि त्या पायांनी माती नि पालापाचोळा त्याच्यावर ओढून घेत होत्या. गोळ्यात अंडी. मायकेल आणि बार्बरा रॉबिन्सन ह्या दांपत्यानं न्यू गिनीमध्ये ह्याच जातीचा सखोल अभ्यास केला, १९७३ मध्ये तो छापला. त्यात ही अंडी जमिनीत पुरते हे सांगितलेलं आहे. मी ते वाचलेलं होतं. पण रात्री आपल्या अंगणात, आपल्या पायांपासून दोन हातांवर ते चाललेलं असताना वाचलेलं काही आठवत नाही. आई विजेरी माझ्या हातातून घेऊन वाकून बघत होती. बाईंनी शेवटचं सुकलेलं पान ओढून घेतलं, जरा थांबल्या आणि आमच्या दिशेनं निघाल्या. आम्ही दोघंही जे पळालो ते ओटीवर येऊन थांबलो. एकाहत्तर वर्षांची आई माझ्या पुढे होती.

सकाळी बाई जाळ्यात होत्या, पोट उतरलेलं, एक पाय कमी. त्यानंतर त्यांची रया गेली. दिवाळीत फाटलेलं जाळं फाटकंच राहायला लागलं, नर दिसेनासे झाले, फुकटेही पांगले. देवदिवाळीच्या सुमारास थंड वारं सुटलं आणि एका सकाळी पन्हळीवरून नुसते चार पिवळे धागे लोंबत होते. आम्ही पुन्हा कपडे झटकले.

माघात गडी भाजवळीसाठी पातेरा गोळा करायला आला. सगळं परसू झाडून चाफ्याखाली आला तशी आई ओटीवरून ओरडली, "तिथलं राहू दे, तिथे माझी हळद आहे." हळद विहिरीपलीकडे असते हे त्यालाही माहीत, पण तो काही बोलला नाही. तेवढ्यात मुंबईहून वहिनीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, "आई, ती कोळीण गेली का एकदाची?"

"गेली," आई म्हणाली, "पण जाताना पुरून गेल्ये मेली."

"काय पुरून?"

आईनं नीट समजावून सांगितलं, किती असतील तेसुद्धा अंदाजानं. यंदा गणपतीला कधी येणार ते वहिनीनं अजून कळवलेलं नाही.