सोलेदादच्या अंगणात

मेक्सिकोच्या दक्षिणेकडील वाहाका शहरी कधी जाणे झाले, तर सोलेदाद मातेचे चर्च अवश्य पाहा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या या वास्तूत काळ्या मखमली वस्त्रातील मेरी आहे. पुत्र गमावून एकटी उरलेली आई. हीच या शहराची रक्षणकर्ती. १८ डिसेंबरला तिचा उत्सव असतो. आणि गंमत पाहा, एकटेपणाच्या या देवळालगतच आइस्क्रीमवाल्यांचे गजबजलेले अंगण आहे. करपवलेल्या दुधाचे आइस्क्रीम आणि त्यासोबत निवडुंगाच्या लाल फळाचे, अशी तिथली आवडती जोडी.

'सोलो' म्हणजे एकटा आणि 'दाद' हा आपल्या 'पणा'सारखा प्रत्यय. म्हणून 'सोलेदाद' म्हणजे एकटेपणा, असे मी वहीत लिहून ठेवले होते. पण हा शब्द इतक्या सहज हाती लागत नाही. मराठीत आपण 'एकांत' मागतो आणि 'एकाकीपणा' सोसतो. स्पॅनिशमध्ये दोहोंना हाच शब्द. तो मुलीचे नावही होतो, लाडाने 'चोले'! १९६२ ते १९६८ या काळात भारतात मेक्सिकोचे राजदूत असलेले कवी ओक्ताव्हियो पाझ यांच्या १९५० सालच्या निबंधग्रंथाच्या नावातही तो आहे. मराठीत आणताना त्यातला कोणता अर्थ घ्यायचा, हे ठरवावेच लागेल.

त्या चर्चच्या पायऱ्यांपाशी एक आजीबाई एकट्याच बसल्या होत्या. मी तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये विचारले, "सोबत कोणी नाही?" त्या हसल्या. "माझी सोलेदाद आहे ना!" मग त्यांनी आइस्क्रीमच्या अंगणाकडे बोट दाखवले. तिथे त्यांची नात बसली होती. आजी दिसेल इतक्या जवळ, आजीला अडचण होणार नाही इतक्या दूर.

मला नाशिकची माझी एक्याऐंशी वर्षांची आई आठवली. बाबा गेल्यावर तिला क्षणभरही एकटे वाटू नये, म्हणून आम्ही भावंडांनी दिवसभराची मदतनीस ठेवली, फोनच्या पाळ्या लावल्या. "थोडा वेळ मला एकटीला बसू दे गं," असे ती म्हणाली, तेव्हा आम्ही आणखी एक फोन वाढवला. तिला कोणते एकटेपण हवे होते, हे कुणीच विचारले नाही.

तुमच्या घरीही असे कोणी असेल, तर जरूर विचारा. एकांतातून उठलेले माणूस बहुधा शांत दिसते. मात्र जेवण कमी झाले, झोप उडाली, बोलणेच आटले, तर तो एकांत समजू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता आई पाच ते साडेपाच गॅलरीत एकटी बसते. मदतनीस बाई स्वयंपाकघरात, हाकेच्या अंतरावर असतात. तिच्या हाताशी छोटी घंटा असते. त्या अर्ध्या तासात आम्ही कोणी फोन करत नाही. साडेपाचला ती स्वतःच लावते.