स्विच घेण्याआधी

भोसरी एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा नेटवर्क सकाळपासून बंद होतं. चलनं निघत नव्हती, माल भरलेले टेम्पो गेटपाशी उभे. चार तास एकेक केबल उपसून बघितल्यावर दोष सापडला. झाडलोटीत सुटलेलं केबलचं टोक कुणीतरी, दुसरं टोक ज्यात होतं त्याच स्विचच्या शेजारच्या पोर्टमध्ये खोचलं होतं. इथरनेटच्या फ्रेमला मुदत नसते. असा फेरा मिळाला की ती फिरतच राहते, आणि सगळ्यांसाठी निघालेली एक हाक क्षणात अख्खं नेटवर्क तुंबवते. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री, रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्येच काढला. मॅनेज्ड स्विचमध्ये तो असतो. टेबलाखालच्या त्या साध्या डब्यात नव्हता.

मालक म्हणाले, "साहेब, आता चांगला फास्ट स्विच सांगा. चोवीस पोर्टचा."

मी भाव सांगितला नाही. वही घेतली आणि त्यांच्याबरोबर जागा फिरलो.

डिझाइनच्या खोलीत दहा जण सकाळी एकदमच ड्रॉइंग उघडतात, एकेक फाइल ५०० एमबीची. प्रत्येकाच्या पोर्टला एक गिगाबिट मिळतं, पण सर्व्हरकडे जाणारी वाटही एकाच गिगाबिटची असेल, तर सेकंदाला जेमतेम १२५ एमबी जाणार. म्हणजे दहा जणांना मिळून किमान ४० सेकंद. हीच वाट, सर्व्हरचं कार्ड आणि डिस्क १० गिगाबिटच्या तोलाची असतील, तर काम चार-पाच सेकंदांत उरकतं. म्हणून मी आधी अपलिंक बघतो, पोर्ट नंतर मोजतो.

मागची शेड १४० मीटरवर निघाली. तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच, तिथे फायबर. आणि काचेतून वीज वाहत नाही, हे वळवाच्या दिवसांत फार मोलाचं असतं.

सगळ्यात जास्त फसगत मात्र वॅटमध्ये होते. दुसऱ्या एका ठिकाणी कॅमेरे दिवसभर चालायचे आणि अंधार पडला की एकामागून एक बंद व्हायचे. कॅमेरे बदलून झाले, केबल बदलून झाल्या. रात्री कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि वीज जास्त खेचतात, हे कुणी धरलंच नव्हतं. चोवीसही पोर्टवर पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज, हा खोक्यावर छापलेला शब्द खरा असतो, पण एकूण वीज किती हे आतल्या पानावर असतं. ३७० वॅट चोवीस पोर्टांत वाटले, तर वाट्याला साधारण १५ येतात. प्रत्येकाला ३० हवे असतील तर ७२० लागतील. हा हिशेब रात्रीचा धरून करावा.

व्हीलॅनचं, म्हणजे एकाच स्विचवर वेगळ्या ठेवलेल्या नेटवर्कांचं, फार सांगत नाही. हिशेबखातं, कॅमेरे, पाहुण्यांचं वायफाय वेगळं हवंच. पण जुन्या सीएनसी मशीनवरची विंडोज आता अपडेट होत नाही, तिला स्वतंत्र व्हीलॅन दिल्याशिवाय मी काम हातात घेत नाही.

भोसरीत शेवटी चोवीस पोर्टचे दोन स्विच बसवले, एक ऑफिसात, एक शेडमध्ये, मध्ये १० गिगाबिटचं फायबर. त्यांतले अकरा पोर्ट आज रिकामे आहेत. नव्या शेडचं काम दिवाळीनंतर सुरू होतंय.